दोन जबड्यांची मोरे : तापीच्या वामपासून समुद्रातल्या कपारीपर्यंत

"हाई साप शे का मासा?" जळगाव-भुसावळच्या मासळी बाजारात पाटीमध्ये लांबलचक, बुळबुळीत, काळपट वाम पडलेली असली की हा प्रश्न हमखास कानावर येतो. आता तोच प्रश्न मोबाइलवरही येऊ लागला आहे. समुद्राखालच्या खडकातून जाडजूड, ठिपकेदार प्राणी डोकं बाहेर काढतो, सारखं तोंड वासतो आणि मिटतो. पुढच्या चित्रात त्याच्या घशातून आणखी एक दातेरी जबडा बाहेर झेपावतो. सोबत मजकूर असतो की हा विषारी समुद्री साप आहे, तो वीज मारतो, आता तो नद्यांमध्येही शिरला आहे. चित्रातला दुसरा जबडा खरा आहे. मजकुरातलं बाकी जवळपास सगळं चूक आहे.

या प्राण्याचं नाव मोरे ईल. आपल्याकडच्या आडनावाशी याचा संबंध नाही. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचं मूळ लॅटिन-ग्रीकपर्यंत जातं. 'ईल' म्हणजे सापासारख्या लांब शरीराचा मासा. जगात मोरेच्या सुमारे दोनशे जाती आहेत. सर्वांत छोटी जेमतेम वीतभरही नसते. प्रवाळात राहणारी राक्षसी मोरे तीन मीटरपर्यंत लांब आणि तीस किलोपर्यंत वजनाची होते. खाडीच्या चिखलात राहणारी एक सडपातळ जात तर जवळजवळ चार मीटरपर्यंत गेल्याची नोंद ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये 1927 साली झाली आहे.

मोरे समजून घ्यायची असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करावी : ही बिळात राहणारी मासळी आहे. तिचं अंग, दात, श्वास, शिकार, अगदी तिची बदनामीसुद्धा त्या बिळातूनच निघते.

## वाम, अहीर आणि मोरे : आधी नावांचा गुंता

आपण 'वाम' म्हणतो तेव्हा एकाच नावाखाली वेगवेगळे मासे येतात. तापी, गिरणा, पांझरेत मिळणारी वाम किंवा बाम ही खरी ईलच नाही. तिचं तोंड पुढे सोंडेसारखं निमुळतं असतं आणि पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. साफ करताना बोटात घुसतात ते हेच काटे. तिचं कूळ वेगळं आहे. लांब अंग हे तिचं आणि ईलचं निव्वळ दिसण्यातलं साम्य.

नदीत सापडणारी खरी ईल म्हणजे अहीर. तिच्या पाठीवर काटे नसतात. पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखालून पुढे येतो आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना एकेक छोटा पर असतो.

सुरत किंवा मुंबईहून बर्फात येणारी समुद्री वाम ही तिसरी. चंदेरी-राखाडी रंग, लांब तोंड, पुढे मोठे सुळे. हीसुद्धा खरी ईल आहे, पण मोरे नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे डोक्यामागची जागा. तिथे पंख्यासारखे दोन पर दिसले तर ती मोरे नव्हे. मोरेला ते नसतातच, आणि कल्ल्याच्या जागी चिरेऐवजी शर्टाच्या काजासारखं एक छोटं गोल भोक असतं. अंगावर बहुधा ठिपके, पट्टे किंवा जाळीची नक्षी असते, पण फक्त नक्षीवर विसंबू नये, कारण काही मोरे अगदी साध्या तपकिरी रंगाच्या असतात. पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरून 2015 साली भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवलेली मोरे अशीच बिननक्षीची आहे. आपल्या किनाऱ्यांवरच्या मोरेंच्या यादीत अजूनही भर पडते आहे.

आणि साप? साप फुप्फुसाने श्वास घेतो, समुद्री सापालाही हवेसाठी वर यावं लागतं, त्याच्या अंगावर खवले असतात. मोरे कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेते, तिला खवले नसतात, पर असतात. ती पक्की मासाच आहे.

## बिळासाठी घडलेलं अंग

केळीच्या बागेत ठिबकची नळी जमिनीतून ओढून पाहा. सरळ नळी सुळ्ळकन निघते. तिला मध्येच जोडाचा तुकडा असेल तर तो ढेकळात अडकतो. खडकातल्या फटीतून पुढे-मागे सरकणाऱ्या माशाला अंगाबाहेर आलेला प्रत्येक भाग त्या जोडासारखा अडतो. मोरेच्या कुळाने छातीचे पर टाकले, पोटाचे पर टाकले, खवलेही टाकले. राहिली ती शंभराहून जास्त मणक्यांची लवचिक दोरी, तिच्यावर जाड कातडी आणि कातडीवर बुळबुळीत थर.

हा थर चिरलेल्या भेंडीच्या चिकासारखा असतो. खडकावर घासून अंग सोलवटू नये हे त्याचं पहिलं काम. जंतू आणि परजीवी अंगाला चिकटू न देणं हे दुसरं. वाळूत बीळ करणाऱ्या काही जातींत तोच चीक वाळूचे कण बांधून ठेवतो, म्हणजे विहिरीला आतून बांधकाम करावं तशी बिळाची भिंत पक्की होते.

अंधाऱ्या फटीत डोळ्यांचा उपयोग कमी. मोरेची नजर फारशी तीक्ष्ण नसते आणि तिचा भर वासावर असतो. तोंडाच्या टोकाशी दोन छोट्या नळ्या पुढे आलेल्या दिसतात, त्या तिच्या नाकपुड्या. पाणी त्यातून आत जाऊन डोळ्यांजवळच्या दुसऱ्या जोडीतून बाहेर पडतं. रात्री ती फटीफटीतून वास काढत फिरते आणि झोपलेले मासे, खेकडे, माकूळ शोधते.

## ती सारखं तोंड का वासते?

हे पाहूनच लोक घाबरतात. कुत्रा दात विचकतो तेव्हा तो धमकावतो, म्हणून मोरेही धमकावते असं वाटतं. खरं कारण श्वासाचं आहे.

रोहू किंवा कटला पाहा. त्यांच्या कल्ल्यांवर मोठं झाकण असतं. तोंडातून पाणी घ्यायचं, झाकण उघडून बाजूने सोडायचं. बिळात राहणाऱ्या मोरेला असं फडफडणारं रुंद झाकण परवडत नाही, कारण ते दर खेपेला दगडावर आपटेल. तिच्या झाकणाची हाडं लहान झाली आहेत आणि बाहेर जायला फक्त ते काजाएवढं भोक उरलं आहे. एवढ्याशा भोकातून कल्ल्यांवर पुरेसं पाणी खेळवायचं तर तोंडाने ते सारखं आत घेऊन रेटावं लागतं. लोहाराच्या भात्यासारखं : उघड, मिट, उघड, मिट. ज्याला आपण दरारा समजतो तो तिचा साधा श्वास आहे.

## घशातला दुसरा जबडा

आता मुख्य नवल. त्यासाठी बाकीचे मासे कसे गिळतात ते आधी पाहायला हवं.

माशाला हात नाहीत आणि आपल्यासारखी घास मागे ढकलणारी जीभही नाही. बहुतेक मासे पिचकारीचं तत्त्व वापरतात. पिचकारीचा दांडा मागे ओढला की पोकळी वाढते आणि पाणी आत शिरतं. मासा क्षणात तोंडाची पोकळी चहूबाजूंनी फुगवतो, पाणी आत धावतं आणि त्याबरोबर भक्ष्यही. पकडणं आणि मागे सारणं, दोन्ही कामं पाण्याचा झोत करतो.

मोरेची अडचण इथे आहे. डोकं अरुंद, आजूबाजूला दगड. तोंड रुंद फुगवायला ना हाडांत सोय, ना बिळात जागा. बारीक नळीची पिचकारी फार पाणी ओढणार नाही. आणि तिचं भक्ष्य मात्र बऱ्याचदा डोक्याएवढं मोठं. दातांनी धरलं, पण मागे सारायचं कसं? पकड सोडली तर भक्ष्य पळतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने जाळीदार नक्षीच्या मोरेला खाताना टिपलं आणि 2007 साली 'नेचर' या नियतकालिकात उत्तर दिलं. मोरेच्या घशात, कवटीच्याही मागे, दातांचा आणखी एक जबडा दडलेला असतो. पुढच्या दातांनी भक्ष्य पकडलं की घशातला जबडा स्नायूंच्या ओढीने पुढे झेपावतो, थेट तोंडात येतो आणि आपले मागे वळलेले आकडेदार दात भक्ष्यात रुतवतो. मग पुढचा जबडा पकड सैल करतो आणि मागचा भक्ष्याला घेऊन घशात परततो. लगेच पुढचा जबडा पुन्हा चावतो. एक धरतो तेव्हा दुसरा सरकतो. भक्ष्य क्षणभरही मोकळं राहत नाही.

गोठ्यातली कडबाकुट्टी डोळ्यांसमोर आणा. आपण कडब्याची पेंढी तोंडाशी धरतो, आतले दातेरी रूळ ती पकडून खेचून घेतात. मोरेचा पुढचा जबडा म्हणजे पेंढी धरणारा हात आणि घशातला जबडा म्हणजे ते रूळ. फरक एवढाच की हे रूळ एका जागी फिरत न बसता स्वतः पुढे येऊन पेंढी घेऊन जातात.

यावर कोणी म्हणेल की असा विचित्र अवयव अचानक आला कुठून. तो अचानक आलेला नाही. घशात दात असणं माशांमध्ये सर्रास आहे. बाजारातल्या रोहूचं तोंड उघडून बोट फिरवा, ओठांमागे एकही दात लागणार नाही. तिचे दात घशात असतात आणि डोकं फोडून कल्ल्यांच्या मागे शोधलं की हाडावर बसलेले चपटे दात सापडतात. कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानींच्या शेवटच्या हाडांपासून हा घशाचा जबडा बनतो. रोहूमध्ये तो जागेवर बसून दळतो. मोरेमध्ये त्याच हाडांना बांधणारे स्नायू लांब झाले, जोड सैल झाले आणि जबडा प्रवासाला मोकळा झाला. जुन्याच सुट्या भागांची ही नवी जुळणी आहे.

मात्र प्रसिद्ध चित्रांत एक चूक वारंवार दिसते. घशातला जबडा तोंडाबाहेर झेप घेऊन शिकार पकडतो असं दाखवतात. तो बाहेर येत नाही. शिकार पकडण्याचं काम पुढच्याच जबड्याचं, मागचा फक्त वाहून नेतो.

पुढच्या जबड्याचे दातही आहारानुसार बदलतात. मासे आणि माकूळ खाणाऱ्या जातींचे दात सुईसारखे, मागे झुकलेले असतात. कित्येकांच्या तोंडाच्या छतावरही सुळ्यांची एक रांग असते. हे सुळे आत जाणाऱ्या घासाला वाट देत मागे लवतात, पण भक्ष्य बाहेर निसटू पाहील तर ताठ राहून अडवतात. उलट खेकडे फोडणाऱ्या जातींचे, उदाहरणार्थ पट्टेदार झेब्रा मोरेचे, दात गोट्यांसारखे बोथट असतात. त्यांना भोसकायचं नसतं, कवच फोडायचं असतं.

घशाच्या जबड्याचा आणखी एक फायदा 2021 साली पुढे आला. गिळायला पाण्याचा झोत लागत नसेल तर पाण्याबाहेरही गिळता यायला हवं. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमकण मोरे नावाच्या ठिपकेदार जातीला उताराच्या फळीवर चढून अन्न घ्यायची सवय लावली. तिने अन्न कोरड्यात पकडलं आणि पाण्यात न परतता तिथेच गिळलं. बहुतेक माशांना हे जमत नाही. निसर्गात मिरेदार ठिपक्यांची एक मोरे ओहोटीच्या वेळी खडकांवरून सरपटत खेकड्यांची शिकार करते, ती याच बळावर.

## घास तोंडात मावला नाही तर?

मोरेला चावून बारीक तुकडे करता येत नाहीत, तिला गिळावंच लागतं. मोठा मासा किंवा आठ पायांचा ऑक्टोपस हाती लागला की ती स्वतःच्या अंगाची गाठ मारते. शेपटीचं टोक एका वेटोळ्यातून ओवायचं, गाठ तयार करायची आणि ती सरकवत डोक्याकडे आणायची. गाठ तोंडाशी आली की भक्ष्य तिच्यावर अडतं आणि डोकं गाठीतून मागे ओढलं की तोंडातला लचका तुटून येतो. बाटलीचं घट्ट बूच काढताना आपण बाटली दोन गुडघ्यांत धरतो, तसा हा आधार ती स्वतःच्याच अंगातून उभा करते. हात-पाय नसलेल्या प्राण्याने शोधलेली ही युक्ती इतकी देखणी आहे की प्रत्येकाने ती एकदा तरी संथ गतीत पाहावी. खवले नसलेली सैल, बुळबुळीत कातडी इथे पुन्हा कामी येते. खरखरीत दोरीची गाठ सरकत नाही, तेल लावलेली सरकते.

## शिकारीची भागीदारी

शेतात उंदराच्या बिळाला दोन तोंडं असतात हे पोरांनाही ठाऊक असतं. एकाने एका तोंडात काठी घालायची, दुसऱ्याने दुसऱ्या तोंडाशी दबा धरायचा. तांबड्या समुद्रात राक्षसी मोरे आणि प्रवाळातला हेकरू (ग्रूपर) हा मासा नेमकं हेच करतात.

हेकरू मोकळ्या पाण्यात वेगवान, पण फटीत शिरू शकत नाही. मोरे फटीत तरबेज, पण मोकळ्या पाण्यात मंद. लहान माशाला हेकरूपासून वाचायचं तर फट गाठावी आणि मोरेपासून वाचायचं तर फट सोडावी. दोघं एकत्र आले की त्याला दोन्हीकडून मरण. रेदुआन बशारी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली मांडलेल्या निरीक्षणांनुसार हेकरू मोरेच्या बिळासमोर जाऊन डोकं भराभर हलवतो, मोरे बाहेर येते आणि दोघं शेजारी-शेजारी पोहत निघतात. भक्ष्य एखाद्या फटीत लपलं असेल तर हेकरू त्या फटीवर डोकं खाली करून उभा राहतो आणि जागा दाखवतो. हा इशाऱ्याचा भाग 2013 च्या अभ्यासात तपशिलाने आला.

मग वाटणी कशी होते? होतच नाही. ज्याच्या तोंडात आलं ते त्याने अख्खं गिळलं. भांडायला उरत काही नाही, आणि तरीही दोघांना एकट्यापेक्षा जास्त मिळतं, म्हणून ही भागीदारी टिकते. ही ठरवून केलेली मैत्री आहे असं मात्र समजू नये. भुकेल्या हेकरूचा इशारा आणि वासावर निघालेली मोरे, एवढ्यावरही हा व्यवहार चालू शकतो.

हीच मोरे एरवी दुसऱ्या कोणाला तोंडात शिरू देते. छोटी सफाई कोळंबी आणि सफाई मासे तिच्या दातांमधले कण, अंगावरचे परजीवी टिपतात आणि ती त्यांना गिळत नाही. म्हशीच्या पाठीवर बगळा निवांत बसलेला असतो, त्यातलाच प्रकार.

## पानासारखं बालपण

मोरे बिळापासून फार लांब जात नाही, तर एकच जात आफ्रिकेपासून प्रशांत महासागराच्या टोकापर्यंत कशी सापडते? याचं उत्तर तिच्या पिल्लात आहे. अंडी उघड्या पाण्यात सोडली जातात आणि त्यातून निघणारं पिल्लू आईसारखं बिलकूल दिसत नाही. चपटं, काचेसारखं पारदर्शक, कडुनिंबाच्या पानाच्या आकाराचं. त्याच्या आरपार छापील अक्षरं वाचता येतील इतकं स्वच्छ. रक्तात तांबड्या पेशी जवळपास नसतात, म्हणून रंगही नाही.

हे पान कित्येक महिने प्रवाहाबरोबर तरंगतं. मग किनारी प्रवाळ गाठल्यावर त्याचं रूप पालटतं आणि या बदलात ते वाढण्याऐवजी आधी आखडतं. अंग गोल होतं, रंग येतो आणि ते फट शोधतं. मोरेच्या दोन जातींचा 2010 साली आनुवंशिक अभ्यास झाला. हिंदी आणि प्रशांत महासागरांत हजारो किलोमीटर अंतरावरच्या मोरेंमध्ये फरक जवळजवळ सापडला नाही. बिळातला मासा एवढा फिरस्ता, तो या तरंगत्या बालपणामुळे.

फीत मोरे नावाच्या नाजूक जातीत आयुष्याचे टप्पे रंगात दिसतात : कोवळी असताना काळी, नर असताना निळी, मादी झाल्यावर पिवळी. आधी नर, मग मादी असा तिचा क्रम मानला जातो.

## मग माणसाला चावते ती का?

चावते, हे खरं आहे आणि जखम वाईट होते. पण बहुतेक वेळा कारण दोनच. एक, कोणीतरी फटीत हात घातलेला असतो. दोन, कोणीतरी हाताने खाऊ घालत असतं. तिची नजर मंद आणि वासावर विश्वास पक्का. बोटांना माशाचा वास लागलेला असेल तर बोट कुठे संपतं आणि मासा कुठे सुरू होतो हे तिला कळत नाही. थायलंडच्या सिमिलन बेटांजवळ मोरेला रोज सॉसेज भरवणाऱ्या एका पाणबुड्याचा अंगठा असाच गेला. पाहुण्यांना दाखवायला माशांना हाताने खायला घालण्याची प्रथा जिथे आहे तिथे ती बंद व्हायलाच हवी. त्यात माशाचा दोष नाही.

तारकर्ली किंवा अंदमानला स्कूबा करायला जाणाऱ्यांनी एवढं पाळावं : खडकाला हात लावायचा नाही, फटीत बोट घालायचं नाही, मोरे दिसली तर हातभर नव्हे, दोन-तीन हात लांब राहायचं. बिळातून बाहेर पडायची तिची वाट अडवू नये.

चावलीच तर हात हिसकावण्याची इच्छा आवरणं कठीण असतं, पण नुकसान तिथेच होतं. दात मागे वळलेले असल्याने हिसडा दिला की भोकांच्या चिरा होतात. सुटल्यावर स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावं, मग साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने जखम धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा. डॉक्टरांना समुद्रातली जखम आहे हे सांगायला विसरू नये, कारण समुद्राच्या पाण्यातले जंतू वेगळे आणि त्यांवरची प्रतिजैविकं त्याप्रमाणे निवडावी लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. खोल जखम लगेच टाके घालून बंद न करण्याचा निर्णयही डॉक्टर घेऊ शकतात. आत जंतू कोंडले जाऊ नयेत हा हेतू असतो, हयगय नव्हे.

वीज? ती मारणारा 'इलेक्ट्रिक ईल' दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहतो आणि तो मुळात ईल नाही. नात्याने तो आपल्या शिंगाळ्याला जास्त जवळचा. मोरेकडे वीज नाही, आणि नागासारखी दातातून विष सोडण्याची सोयही नाही.

## खाल्ली तर चालते का?

इथे मात्र सावध राहावं. प्रवाळावरच्या शेवाळात एक सूक्ष्म जीव वाढतो, त्यात विष असतं. शेवाळ खाणारा छोटा मासा ते थोडं घेतो. त्याला खाणारा मोठा मासा अशा शेकडो माशांचं विष साठवतो. मोठी मोरे या साखळीच्या टोकाशी. दारोदार मूठमूठ मागून पोतं भरावं तसं विष तिच्यात, विशेषतः यकृतात, जमत जातं. या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात.

माशाला वास येत नाही, चव बदलत नाही. शिजवून, तळून, वाळवून, बर्फात ठेवून हे विष जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब, मग ओठांना आणि बोटांना मुंग्या, आणि एक चमत्कारिक लक्षण : थंड पाण्याला हात लावला की चटका बसल्यासारखं वाटतं. त्रास आठवडे, कधी महिनेही रेंगाळतो. उतारा म्हणून ठरलेलं औषध नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. म्हणून प्रवाळ बेटांवर मोठी मोरे कोणी आग्रहाने वाढली तरी नको म्हणावं.

आपल्या बाजारातल्या समुद्री वामबद्दल ही भीती बाळगायचं कारण नाही. ती चिखलाच्या तळावर राहते, प्रवाळात नाही. नदीच्या वामचा तर प्रश्नच येत नाही.

## घरच्या काचेच्या टाकीत?

'गोड्या पाण्यातली मोरे' म्हणून टाक्यांसाठी विकली जाणारी ठिपकेदार पिल्लं बहुधा गंगेच्या मुखाकडच्या खाडीतल्या एका जातीची असतात. खाडी म्हणजे अर्धं खारं पाणी. गोड्या पाण्यात ती लगेच मरत नाही, आणि फसवणूक इथेच होते. आधी खाणं सोडते, मग कातडीवर पांढुरका थर येतो, आणि घेणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

तिला लिटरमागे साधारण 15 ते 25 ग्रॅम समुद्री मिश्रणाचं मीठ लागतं (समुद्रात सुमारे 35 असतं). स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, ते चालत नाही. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून पातळी घटली की साधं पाणी घालायचं, खारं नव्हे. ही चूक आठवड्यागणिक खारेपणा वाढवत नेते. झाकणाला बोटभर फट राहिली तरी ती रात्री बाहेर पडते आणि सकाळी फरशीवर वाळलेली सापडते.

शिवाय आपला उन्हाळा. जळगावात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. तिला हवं 24 ते 28 अंशांचं पाणी. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाऊन पंप थांबतो. काजाएवढ्या भोकातून श्वास घेणाऱ्या माशाला हा मारा सोसत नाही. खानदेशात मोरे पाळू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

## तापीत मोरे येऊ शकते का?

तापी मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते, म्हणून ही शंका वाजवी आहे. खाडीत शिरणाऱ्या मोरे आहेत, पण त्यांना बहुधा भरतीचं खारं पाणी लागतं. सुरतेच्या वर काकरापारचा बंधारा आणि त्याच्याही वर 1972 साली पुरं झालेलं उकाई धरण आहे. नंदुरबारच्या प्रकाशा-सारंगखेड्यापर्यंत गोड्या पाण्यातून, या भिंती ओलांडून मोरे येणार नाही. तिथे जाळ्यात लांब मासा आला तर तो वाम असेल, फार तर अहीर.

आणि अहीर आली तर ती नीट पाहून घ्यावी. मोरेप्रमाणे तिचंही बालपण त्याच पारदर्शक पानाच्या रूपात समुद्रात जातं. मग बोटभर पिल्लं नदीतून उलटी वर चढतात. ओल्या दगडावरून, बंधाऱ्याच्या पाझरत्या भिंतीवरूनही ती सरपटू शकतात. वर्षानुवर्षं नदीत वाढून अंडी घालायला ती पुन्हा समुद्राकडे निघतात. छोटा बंधारा पिल्लू पार करतं. उकाईसारखी भिंत त्याला चढवत नाही, आणि पूर्ण वाढलेल्या माशाला खाली उतरायची वाट दरवाज्यांतून किंवा वीजगृहाच्या पात्यांमधून जाते.